शमशादभाभींचं टेबल

पौडच्या एसटी स्टँडसमोर मोहिद्दीनभाईंचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पुढच्या खोलीत चार बाकडी, काचेच्या बरण्यांत शेव नि नानकटाई, आणि दारावर रंग उडालेली स्वागताची पाटी. गल्ल्यावर मोहिद्दीनभाई बसायचे. त्यांच्या पाठीमागं निळ्या फुलांचा पडदा, पडद्यामागं भट्टी, आणि भट्टीपुढं त्यांची बायको शमशादभाभी. अख्ख्या मुळशी तालुक्यात मोहिद्दीनभाईंच्या चहाचं नाव होतं आणि मोहिद्दीनभाईंना चहा करता येत नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलून कुणी दाखवत नव्हतं.

आमचं किराणा दुकान त्यांच्या भिंतीला भिंत लावून. मी, जया, लग्न होऊन त्या दुकानामागच्या घरात आले तेव्हा भाभींना भट्टीपुढं बसून बरीच वर्षं झाली होती. सोळाव्या वर्षी सासऱ्यानं त्यांना चहा शिकवला, त्यानंतर त्या तिथून हलल्याच नाहीत म्हणा. चहा झाला की पडद्याच्या फटीतून हिरव्या बांगड्यांचा एक हात बाहेर यायचा, हातात कपबशा. मोहिद्दीनभाई त्या घ्यायचे आणि गिऱ्हाइकापुढं ठेवायचे. गावातल्या निम्म्या बाप्यांनी भाभींचा चेहरा पाहिला नव्हता, पण हात सगळे ओळखायचे. एकदा हात भाजला म्हणून फडकं बांधलेलं होतं, तर चार जणांनी विचारपूस केली. हाताचीच.

आता बाप्ये बाकड्यावर बसायचे हे सांगितलं, पण बायकांना काय तहान लागत नव्हती? बाजाराच्या दिवशी कोळवण खोऱ्यातून, धरणाच्या अंगानं, कुठकुठून बाया डोक्यावर पाट्या घेऊन यायच्या. त्या हॉटेलात शिरायच्या नाहीत. बोळातून वळसा घालून मागच्या अंगणात यायच्या, मोरीपाशी गोणपाट टाकलेलं असायचं, त्यावर बसून चहा प्यायच्या. कुणी तसा नियम केला नव्हता. नियम केला असता तर मोडता तरी आला असता.

त्यातल्या एक कोळवणच्या तुळजाबाई. साठीच्या पुढच्या, केस पांढरे, बोलायला फटकळ. एका बाजारी त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला नि पायातला काटा काढायला वाकल्या, तेवढ्यात कुत्र्यानं पेल्यात तोंड घातलं. बाया हसल्या. तुळजाबाईही हसल्या, म्हणाल्या की म्हातारीला पंगतीला जोडीदार मिळाला. भट्टीपुढून भाभींनी हे पाहिलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा चहा गाळून बाहेर आणून दिला आणि त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत. मी अंगणातच होते. मला त्या हसण्याचा फार राग आला होता, कारण मीही हसले होते.

पुढं महिन्याभरात एक जीप येऊन थांबली. कोळवणला जमीन घेतलेली पुण्याची एक बाई त्यातून उतरली, सरळ पुढच्या दारानं आत आली, बाप्यांच्या मधल्या बाकड्यावर बसली आणि चहा मागितला. आणीबाणी उठून तीनेक वर्षं झाली होती, पण असली वेळ काही पौडवर आली नव्हती. बाप्यांनी वर्तमानपत्रं तोंडापुढं धरली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीसुद्धा. चहा पिऊन बाई खूश झाली आणि तिनं चहा करणारणीला भेटायचं म्हणून पडद्याआड डोकं घातलं. भाभींनी तिला विचारलं, तुम्हाला संकोच नाही वाटला? बाई म्हणाली, त्यात काय, आमच्या कॅम्पात इंग्रजांच्या वेळची एक टी रूम आहे, रोझबँक नावाची, तिथं दुपारी चारला बायकाच बायका बसतात, एकट्यासुद्धा, आणि वेटर त्यांना चहा ओतून देतो.

भाभींनी ते ऐकून घेतलं. रात्रीच्या जेवणाला, आमच्या मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येतं, त्यांनी मोहिद्दीनभाईंना सांगितलं की पुढच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल टाकायचं, बायकांसाठी. मोहिद्दीनभाई काही वाईट माणूस नव्हता. मोठ्यानं बोलणाराही नव्हता. त्यांनी शांतपणे अडचणी सांगितल्या. बाप्ये उठून जातील. बायका बसणार नाहीत, कारण समोर कुणाचा सासरा, कुणाचा दीर. चार दिवस हा विषय भिंतीपलीकडं चालू होता. पाचव्या दिवशी त्यांचा धीर सुटला.

"बायका बसतील म्हनतीस," ते म्हणाले. "आदी तू बसून दाव. तुजीच हिंमत न्हाई फुडं येऊन बसायची."

"बसले तर?"

"हितं काय, हितं सगळी आपलीच मानसं. त्या पुन्याच्या टी रूममधी बसून ये. परक्या मानसांत, फुडच्या खोलीत, गड्याच्या हातचा चहा पिऊन ये. मग टाकतो टेबल. न्हाई जमलं तर ह्यो विषय पुन्यांदा काढायचा न्हाई."

"कबूल," भाभी म्हणाल्या.

मोहिद्दीनभाईंना वाटलं असणार की मिटलं प्रकरण. भाभी एसटी स्टँडावरसुद्धा एकट्या गेल्या नव्हत्या. सकाळी त्या आमच्या मागच्या दारात उभ्या. मला म्हणाल्या की सोबत चल, आणि साक्षीलाही चल. मी म्हटलं, सासूबाईंना काय सांगू, चष्मा करायला चाललोय म्हणून सांगते. भाभींनी मान हलवली. खोटं सांगून गेलं तर ते जाणं मोजायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी माझ्या सासूबाईंना, लीलाबाईंना, खरं तेच सांगितलं की आम्ही पुण्याला चहा प्यायला चाललोय. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि विचारलं की घरातली साखर संपली का. मग म्हणाल्या, शमशाद बरोबर आहे ना, मग जा, ती काही उगीच उठायची नाही.

एसटीत भाभी खिडकीला बसल्या. पिरंगुट गेलं, भूगाव गेलं, घाट उतरलो, त्यांनी एक शब्द काढला नाही. लग्नातली जांभळी साडी नेसल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट. मी मात्र तोंडाला कुलूप घालणारी नाही. टी रूममध्ये काटे-चमचे असले तर काय, इंग्रजीत बोलले तर काय, बाहेर काढलं तर काय, अशी माझी टकळी चालू. शेवटी त्या म्हणाल्या की जया, काढलं बाहेर तर बाहेर जाऊ, पण ते आपण आत गेल्यावर. आत तर जाऊ दे.

रोझबँक कॅम्पातल्या एका शांत गल्लीत होती. लाल कौलं, पांढऱ्या चौकटीचं काचेचं दार, खिडक्यांना लेसचे पडदे. आतली टेबलं बाहेरून दिसत होती, आणि जीपवालीनं सांगितलं ते खरंच होतं. दोन म्हाताऱ्या पारशिणी एका टेबलाशी, एक मेमसाहेबासारखी बाई एकटीच पुस्तक वाचत, कुणा लष्करी साहेबाची बायको मैत्रिणीबरोबर. सगळ्या आरामात बसलेल्या. मी दाराच्या मुठीला हात घालणार तो भाभी दिसेनात. बघते तर त्या इमारतीच्या कडेच्या बोळात चार पावलं शिरलेल्या. मी हाक मारली. त्या थांबल्या, बोळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"मागचं दार हुडकत व्हते बग," त्या म्हणाल्या. स्वतःवरच चिडल्या होत्या. परत आल्या, पदर सारखा केला आणि पुढचं दार त्यांनीच ढकललं.

आत गेल्यावर सगळ्यांनी एकदा वर पाहिलं आणि परत आपापल्या कपात पाहिलं. गल्ल्यावर चांदीच्या केसांची एक बाई होती, तिला सगळे मिस लोबो म्हणत होते. तिनं मान लववली. पांढऱ्या कोटातला एक म्हातारा वेटर आम्हाला खिडकीजवळच्या टेबलाशी घेऊन गेला. भाभी बसायला वाकल्या आणि त्यानं मागून खुर्ची ओढली. आता आमच्याकडं कुणी बसायला लागलं की मागून खुर्ची ओढायची ही शाळेतल्या वांड पोरांची खोडी. भाभींनी गर्रकन वळून खुर्ची दोन्ही हातांनी धरून ठेवली. तो ओढतोय, या सोडत नाहीत. मग त्यानं हळूच सांगितलं की बाई, तुम्हाला बसायला सोपं जावं म्हणून मागं घेतोय. भाभींनी खुर्ची सोडली, पण बसताना एक हात मागं ठेवूनच बसल्या. मला हसू आवरेना म्हणून मी टेबलक्लॉथची नक्षी बघत राहिले.

चहा मागितला. थोड्या वेळानं वेटरनं मोठा ट्रे आणून ठेवला. चिनी मातीची किटली, तिला तान्ह्या पोराला घालतात तसं लोकरीचं टोपडं. एका छोट्या चंबूत दूध. दुसऱ्या चंबूत नुसतं गरम पाणी. साखरेचे चौकोनी तुकडे आणि ते उचलायला चिमटा. शेजारी मजल्यांवर मजले असलेली एक ताटली, त्यात कडा कापलेले पाव, मधे काकडी, आणि फुगलेल्या बिस्किटासारखं काहीतरी. वेटर दुसऱ्या टेबलाकडं वळला. भाभींनी टोपडं काढलं, किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. पानं पाण्यात नुसती पडली होती. दुधाला हात लावून पाहिला, गार. त्यांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदाच सकाळपासूनचा ताण गेलेला दिसला. काय करायचं ते त्यांना कळलं होतं.

"कच्चंच आनलंय," त्या म्हणाल्या. "बसायच्या आदी सांगायचं न्हाई का, आपलं आपन करायचं म्हनून."

आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी तो ट्रे उचलला आणि सरळ आतल्या दाराकडं चालू लागल्या. पारशिणींनी कप हवेत धरले. वेटर बाई, बाई करत मागं. भाभी तोवर दार ढकलून आत. मी एकटी त्या टेबलाशी, भोवती सगळे बघतायत, कानशिलं तापलेली. मग मीही उठले आणि गेले. लाज वाटून घ्यायला सोबत लागते.

आत त्यांचं स्वयंपाकघर होतं. ओट्यावर कपबशांचा ढीग आणि ढिगापुढं कासोटा खोचलेली एक बाई बशा विसळत होती. भाभींनी ट्रे ओट्यावर ठेवला आणि विचारलं की पातेलं कुठं आहे, उकळून घेते. ती बाई वळली, ट्रेकडं पाहिलं, भाभींकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसू लागली. हसता हसता तिनं सांगितलं की हे उकळायचं नसतं, हे असंच पितात, ज्याचं त्यानं कपात कालवून. भाभींचा विश्वास बसेना. वेटरनं दारातून हे पाहिलं, बायकाबायकांचं आहे म्हणाला आणि पुढं गेला.

तिचं नाव सगुणाबाई. धरणापल्याडची, म्हणजे आमच्याच तालुक्यातली. पौड म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. तिनं एक रिकामं खोकं उपडं केलं, पदरानं पुसलं आणि भाभींना बस म्हणाली. भाभी बसल्या. खांदे खाली आले, पदर जरा सैल झाला. कोपऱ्यातल्या छोट्या शेगडीवर सगुणाबाईनं स्वतःपुरता चहा उकळत ठेवला होता, आल्याचा, आपला नेहमीचा. तो तिनं कान तुटलेल्या कपात गाळला आणि भाभींच्या हातात दिला. काय सुरेख वास होता. मलाही वाटलं की झालं, आलो पुण्याला, प्यालो चहा, इथंच पिऊन घरी जावं. बाहेर कोण परत जातंय त्या नजरांत.

कप तोंडाशी नेता नेता भाभींनी विचारलं, "तुमी भाईर बसून कदी प्यालाव का?"

"मी?" सगुणाबाई म्हणाली. "मी कशाला भाईर बसतीया. हितंच बरं वाटतं." मग भाभींकडं जरा वेळ बघून म्हणाली, "तुमालाबी बरं वाटतंय न्हवं हितं? मलाबी पयल्या दिवशी असंच बरं वाटलं. त्येला आता लई वर्सं झाली."

तिनं हे अगदी सहज म्हटलं आणि परत बशांकडं वळली. भाभी त्या खोक्यावर तशाच. हातात कप, वाफ तोंडावर येतेय. मग त्यांनी तो कप, एक घोटही न घेता, ओट्यावर ठेवला.

त्यांनी सगुणाबाईला सगळं सांगितलं. मोरीपाशी बसणाऱ्या बाया, कुत्र्यानं तोंड घातलेला पेला, खिडकीपाशी टेबल, नवऱ्याची अट. हा चहा इथं प्याले तर मी हरले, राग मानू नका, असं म्हणाल्या. सगुणाबाईनं ओले हात लुगड्याला पुसले. ट्रेवरच्या किटलीला टोपडं नीट घातलं आणि ट्रे उचलून भाभींच्या हातात दिला.

"तुमी पौडला या," भाभी म्हणाल्या. "तितं फुडं बसवून पाजते तुमाला."

"टेबल झालं तर."

"टेबल व्हनार."

ट्रे घेऊन आम्ही परत पुढं आलो. जाताना भाभींच्या पायांत घाई होती, आता नव्हती. अख्खी खोली बघत होती आणि त्यांनी कुणाकडंही न बघता ट्रे टेबलावर ठेवला. गल्ल्यावरून मिस लोबो उठून आली. मला वाटलं, आता काढतायत बाहेर. तिनं भाभींची खुर्ची धरली आणि मागं ओढली. या वेळेला भाभींनी हात मागं नेला नाही. पाठ ताठ ठेवून बसल्या. वेटर आला, त्यानं चहा ओतला, दूध ओतलं, चिमट्यानं साखर घातली. एका परक्या बाप्यानं आपल्याला चहा करून दिला, हे भाभी कपावरून नजर न हलवता बघत होत्या.

मग त्या प्याल्या. बशीत न ओतता, कपाला तोंड लावून, चटका बसत नव्हताच. एक कप संपवला, दुसरा घेतला, तोही संपवला. काकडीचा पाव खाल्ला. ते फुगलेलं बिस्कीट मी खाल्लं, साखर घालायला विसरलेल्या नानकटाईसारखं होतं. भाभींनी कप खाली ठेवला आणि मी हळूच विचारलं की कसा आहे चहा.

"वाईट हाय," त्या म्हणाल्या. मग खिडकीतून बाहेर रस्त्याकडं पाहत म्हणाल्या, "पन हितं बसायला लई बरं वाटतंय गं."

त्यांचे डोळे भरले होते. माझेही. आम्ही दोघी काचेतून जाणाऱ्या सायकली बघत खूप वेळ बसलो, कुणी उठा म्हणालं नाही.

परत आल्यावर साक्षीची गरजच पडली नाही. भाभींनी सांगितलं की बसले आणि प्याले, आणि मोहिद्दीनभाईंनी ते एका वाक्यात मान्य केलं, कारण भाभी खोटं बोलत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार. मी आपली सगळी हकिगत तयार करून ठेवली होती, ती कुणी विचारलीच नाही. सुताराकडून टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या. खिडकीपाशी ठेवलं. भाभींनी त्यावर रुखवतातला भरतकामाचा रुमाल अंथरला. बाप्ये टेबलाकडं बघायचे आणि बाकड्यावरच बसायचे. शब्द पाळला होता मोहिद्दीनभाईंनी, आणि त्यांना खात्रीही होती की त्यावर माशी बसेल, बाई बसणार नाही.

बाजाराचा दिवस आला. एकेक बाई यायची, दारातून टेबल बघायची, रुमालाचं कौतुक करायची आणि बोळातून वळसा घालून मागं जायची. दुपार झाली तरी टेबल रिकामं. तुळजाबाई तर दारात येऊन परत फिरल्या. भाभींनी मागच्या अंगणात त्यांना गाठून विचारलं की का. तुळजाबाईंनी आवाज खाली घेतला, एरवी कधी घ्यायच्या नाहीत. आत बाकड्यावर त्यांचे थोरले दीर गेणबा बसले होते. थोरल्या दिरापुढं आमच्याकडं बाई खुर्चीवर बसत नाही. तो बाकावर असला तर ती जमिनीवर. साठी उलटली म्हणून रीत थोडीच उलटते.

मोहिद्दीनभाई गल्ल्यातली नाणी मोजत बसले, ते आणखीच वाईट. मी दुकानाच्या पायरीवरून बघत होते आणि मला मनातून वाटलं की संपलं.

तेवढ्यात पडदा हलला. कपबशी घेतलेला हात येईल म्हणून गिऱ्हाइकांनी सवयीनं तिकडं पाहिलं. हात आला नाही. भाभी आल्या. पडदा बाजूला सारून, पदरानं घाम पुसत, अख्ख्याच्या अख्ख्या. बाकड्यांच्या मधून चालत गेल्या, खुर्ची मागं ओढली आणि टेबलाशी बसल्या. हॉटेलात चमचा वाजेना.

"दोन चहा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"करायचा कुनी?" मोहिद्दीनभाई.

"भट्टी तितंच हाय. दूध फडताळात." मग त्यांनी बाकड्याकडं तोंड वळवलं. "गेणबा, तुमच्या भावजयीला माज्यासंगं चहाला बोलवायची हाय. ती तुमच्या मानापायी भाईर हुबी हाय. आता तुमी सांगा."

गेणबा म्हणजे भरघोस मिश्यांचा, कमी बोलणारा म्हातारा. त्यांनी हातातल्या बशीकडं पाहिलं. बोळातून वळसा घालून पुन्हा दारात येऊन उभ्या राहिलेल्या तुळजाबाईंकडं पाहिलं नाही, बघायचंही नसतं. सगळे त्यांच्याकडं बघत होते. मग त्यांनी बशी उचलली, पाय बाकड्याच्या पलीकडं टाकले आणि टेबलाकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसले.

"मला काय दिसतंय," ते भिंतीला म्हणाले, आणि फुर्रकन चहा ओढला.

तुळजाबाई आत आल्या. खुर्चीच्या अगदी काठावर बसल्या, पदर नाकापर्यंत, पाटीखालची चुंबळ मांडीवर. पण बसल्या. मोहिद्दीनभाईंनी गल्ला सोडला आणि पडद्याआड गेले. भांडी पडली. दूध उतू गेल्याचा वास आला. कुणीतरी हळूच म्हणालं की आग लागली तर बाहेर पडायला दार कुठलं. खूप वेळानं पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला, केसाळ, मनगटाला घड्याळ, दोन्ही कपबशा खडखडतायत. घ्यायला कुणी नव्हतं. मी पायरीवरून उठले, त्या हातातून कप घेतले आणि टेबलावर ठेवले.

करपलेला होता चहा. रंग काळा, साखर पाकासारखी. पडद्याच्या फटीत मोहिद्दीनभाईंचा एक डोळा दिसत होता. त्या घरात आल्यापासून भाभींना कुणी चहा करून दिला नव्हता. त्यांनी कप तोंडाला लावला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, मधे थांबल्या नाहीत. तुळजाबाईंनी एक घोट घेऊन तोंड वाकडं केलं, पण भाभींकडं बघून गिळला.

"कसा झालाय?" पडद्यातून विचारलं.

"जमंल," भाभी म्हणाल्या. "फुडच्या बाजारी साखर कमी."

म्हणजे पुढच्या बाजारीही तेच करणार, हे मोहिद्दीनभाईंना तिथंच कळलं. आणि तसंच झालं. दर बाजारी भाभी एका चहापुरत्या पुढं येऊन बसायच्या आणि भट्टीवर मोहिद्दीनभाई. आधी त्यांच्याबरोबर एक बाई, मग दोन, मग दुसरं टेबल आणावं लागलं. गेणबांसारखे आणखी चार जण पाठ करून बसायला शिकले. काही बाप्ये खरंच उठून गेले, आठवडाभर समोरच्या टपरीवर प्याले आणि परत आले. मागचं गोणपाट एक दिवस भाभींनी झटकून घडी करून आमच्या दुकानात आणून दिलं, शेंगदाण्याच्या पोत्याखाली घालायला.

तीनेक वर्षांनी रोझबँक बंद झाली म्हणून ऐकलं. त्याच सुमारास, बाजार नव्हता अशा दिवशी, मी मागच्या अंगणात डाळ निवडत होते, तर बोळातून एक बाई आली. काखेत बोचकं. मोरीपाशी चपला काढल्या आणि मागच्या दाराशी उभी राहिली, आत जावं की नको अशी. मी ओळखलं. सगुणाबाई.

भाभी भट्टीपुढून उठल्या. तिचं बोचकं घेऊन माझ्याकडं दिलं, तिचा हात धरला आणि पडदा सारून तिला पुढं नेलं. खिडकीपाशी नेऊन त्यांनी खुर्ची मागं ओढली. सगुणाबाईनं ते जन्मभर आतल्या दाराच्या फटीतून दुसऱ्यांसाठी होताना पाहिलं होतं. ती खुर्चीकडं बघत उभी राहिली. मग बसली, आणि पदर डोळ्यांना लावला. चहा भाभींनी केला, आल्याचा, उकळलेला, आणि दोघींनी समोरासमोर बसून घेतला. पौडचा स्टँड, उभ्या एसट्या, कंडक्टरची ओरड, सगळं त्या खिडकीतून दिसत होतं.

चहा संपला तशी सगुणाबाई उठली. दोन्ही कपबशा उचलल्या आणि पडद्याकडं निघाली, मोरी कुठं आहे ते तिनं येतानाच बघून ठेवलं होतं. भाभींनी तिचं मनगट धरलं.

"ठेवा त्या. आज धुनारा दुसरा हाय."

मोहिद्दीनभाई गल्ल्यावरून उठले, तिच्या हातातून कपबशा घेतल्या आणि पडद्यामागं गेले.